तुझ्या नावाचा कौल

तेराव्याच्या पंगतीत सुमनवन्संनी तुझ्या मापाच्या भांड्यातून लोकांना सोलकढी वाढली. ते पांढरं, प्लास्टिकचं, बाजूला लाल रेघा असलेलं दोन लिटरचं भांडं. ओट्याखाली पालथं घातलेलं त्यांना दिसलं, कढीला सोयीचं वाटलं आणि त्या निघाल्या पंगतीत. चाळीस माणसं मिटक्या मारत प्यायली. मी दारात उभी राहून बघत होते. अडीच वर्षं त्या भांड्यात काय मोजलं जात होतं हे ठाऊक असणारी माणसं तीनच, तू, मी आणि मुंबईच्या दवाखान्यातल्या त्या कोऑर्डिनेटर मॅडम. रोज डेटॉलने घासलेलं भांडं ते, पंगतीतल्या बऱ्याच जणांच्या मनापेक्षा स्वच्छ होतं. तू असतास तर हसून हसून पोटावरची पिशवी सुटली असती तुझी.

बावीस वर्षं तुला ‘अहो’ म्हटलं. आता नाही म्हणणार. देवाला आणि मेलेल्याला अरे-तुरेच करतात, आणि देवाशी माझं सध्या बोलणं बंद आहे, तेव्हा सगळं अरे-तुरे तुझ्याच वाट्याला. शिव्या काय, तू जिवंत असतानाही देतच होते. ‘मुडदा बशिवला तुमचा’ हे दिवसातून चारदा तरी तोंडातून जायचंच. तू खाटेवरून म्हणायचास, बशव गो, पण आधी पेज दे. आता खाट रिकामी आहे आणि पेज कुणाला द्यायची ते कळत नाही, म्हणून सवयीने करते आणि गाईला घालते.

वन्सं सगळ्या पंगतीला सांगत होत्या, वहिनीने दादाला यमाच्या दारातून ओढून आणला होता हो, सावित्री आहे सावित्री. तुझ्या बहिणीला रडायला फार आवडतं, गुहागरहून येताना चार रुमाल घेऊन आली होती. अडीच वर्षांत तुझी पिशवी रिकामी करायला एकदा आली नाही, वास सहन होत नाही म्हणाली. त्याचाही मला आता राग नाही. राग आला तो सावित्री म्हटल्याचा. मी मान खाली घालून लाडू वाढत होते आणि लोकांना वाटत होतं, काय बाई विनय हिचा.

तुझं दुखणं सुरू झालं हर्ण्याला. कुणाच्या तरी लाँचचं इंजिन उतरवायला गेला होतास. संध्याकाळचा मासळीचा लिलाव ऐन रंगात आणि तू पोट धरून सुरमईच्या टोपल्यावर आडवा झालास. कुणीतरी पाणी मारलं, तू उठून बसलास आणि ओव्याचा अर्क मागितलास. घरी आलास आणि दोन दिवस ओवा, सोडा, हिंग. मी डॉक्टर म्हटलं की तू म्हणायचास, वाईच गॅस आहे. तिसऱ्या दिवशी पोट उघडलं तेव्हा आतड्याला रक्त नेणारी शीर गुठळीने बंद झालेली आणि बारा-तेरा हात आतडं काळं पडलेलं. सगळं कापून टाकलं. नुसता आवाज ऐकून इंजिनाचा कुठला व्हॉल्व्ह गेलाय ते सांगणारा माणूस तू. जेटीवर तुझ्यावर शर्त लावायचे लोक. तुला स्वतःच्या पोटाचा आवाज दोन दिवस ऐकू आला नाही.

मग वर्षभर तू जेवलाच नाहीस. गळ्याखालच्या शिरेतून दुधासारखं पांढरं पाणी आत जायचं, तेच तुझं जेवण. मी स्वयंपाकघराचं दार लावून, फोडणी न घालता, चोरासारखी जेवायचे. त्या पांढऱ्या पाण्याने लिव्हर बिघडायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याचं आतडं बसवू. आपण मुंबईत दवाखान्याजवळ खोली घेऊन वाट बघत बसलो. कुणीतरी मरायची वाट. असं बोलू नको म्हणायचास, पण दुसरं काय होतं ते? रस्त्यावर मोटरसायकली जोरात गेल्या की मी खिडकीतून बघायचे आणि मनात नको ते यायचं. तुलाही येत असणार.

एका दुपारी फोन आला. आतडं मिळालंय, लगेच या. आणि तू, दत्ताराम, चपला पायात घालून उभा राहिलास आणि म्हणालास, आधी कौल.

आपल्या ग्रामदेवीच्या कौलाशिवाय तुझ्या घराण्यात कुणी विहीर खणली नाही की मुलगी दिली नाही, हे मला लग्न ठरतानाच कळलं होतं. माझ्यासाठीही लावला होता म्हणे. देवीच्या पाषाणाला पाण्याने दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, आणि मग बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी शाळेत क्लार्क, आयुष्यभर जन्मतारखेचे दाखले आणि जनरल रजिस्टर. मला ते पाकळीवर संसार टांगणं कधी पटलं नाही. पण त्या दिवशी मी रिक्षा थांबवून रस्त्यात उभी आणि तू फोनवर. तिकडे गणू गुरव, तुझा बिगरीपासूनचा दोस्त, धापा टाकत देवळाची घाटी चढतोय, ते फोनमधून मला ऐकू येत होतं. उजवी पडली. रिक्षात मी विचारलं, ‘डावी पडली असती तर काय करणार होतात?’ तू म्हणालास, ‘परत येऊन झोपणार होतो.’ तेव्हा तुझा गळा दाबावासा वाटला होता. आपलं हे भांडण तिथे सुरू झालं ते कधी संपलंच नाही.

नव्या आतड्याला तू ‘पाहुणा’ म्हणायचास. डॉक्टरांनी समजावलं होतं की शरीर त्याला आपला म्हणून कधीच पुरतं मानणार नाही. गोळ्यांनी शरीराला गप्प बसवून ठेवायचं, आणि ते किती गप्प आहे ते आयुष्यभर तपासत राहायचं. तू लगेच म्हणालास, म्हणजे सासरवाशीण. पाहुणा ज्याचा होता त्याचं नाव आपल्याला कुणी सांगितलं नाही. पण तोंडाने जेवायला लागलास त्या दिवसापासून ताटाच्या कडेला पहिला घास तू त्याच्यासाठी काढून ठेवलास, रोज, न चुकता. मी उचलून कावळ्याला घालायचे. एकदा तापलेली असताना मी तो घास तुझ्यादेखत कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून ठेवलास. त्या एका गोष्टीसाठी मी तुझ्या पाया पडले असते, पण पाया पडायची आपल्यात वेळ कधी आली नाही.

लोकांना वाटतं ऑपरेशन झालं, माणूस बरा झाला. ऑपरेशन ही तर नुसती बारशाची पंगत, पोर वाढवायचं पुढेच होतं. तुझ्या पोटाच्या उजव्या बाजूला पाहुण्याचं तोंड बाहेर काढलेलं, त्यावर पिशवी. सहा-आठ महिन्यांनी बंद करू म्हणाले होते, ते दोनदा पुढे गेलं. त्या तोंडातून नळी घालून आत बघायचे, चिमटीएवढा तुकडा काढायचे आणि तपासायचे. आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. घरी सकाळी आठला गोळी, रात्री आठला गोळी, दहा मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. रक्त द्यायचं त्या दिवशी मात्र रक्त आधी, गोळी मागाहून. ताप दोनदा. वजन सकाळी. पिशवीतलं प्रत्येक वेळचं मापाच्या भांड्यात ओतायचं आणि वहीत लिहायचं. कोऑर्डिनेटर मॅडमचा नियम होता, दीड लिटरच्या वर गेलं की फोन, दोनला टेकलं की गाडी. आणि त्या तोंडाचा रंग रोज उजेडात बघायचा. ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल असला की बरं. लग्नात मी तुझ्या तोंडाकडे एवढं निरखून बघितलं नव्हतं.

आणि तू रुग्ण म्हणून अतिशय वाईट होतास, हे लिहून ठेवते, कारण मेल्यावर सगळेच गुणाचे होतात. उकळलेल्या पाण्याला चव नाही म्हणून तांब्या भिरकावलास. पपनसाने गोळीची लेव्हल वाढते म्हणून घरात आणू नका सांगितलं होतं, तर गणपतीच्या डोक्यावर फळं बांधतात त्या माटोळीला टांगलेल्या पपनसाकडे बघत बसून डोळ्यांतून पाणी काढलंस. मला जेलर म्हणायचास, शेजाऱ्यांसमोर. गेल्या वर्षी मागच्या दगडी गडग्यापाशी उभा राहून, न धुतलेली करवंदं मूठभर खाल्लीस. संध्याकाळी दीड लिटर, पहाटेपर्यंत दोन. गाडी काढली, आठ तास धक्के खात मुंबई, नळी, तुकडा, चार दिवस मुक्काम, आणि निघालं काय? काही नाही. करवंदं. परत येताना हातखंब्याला चहाला थांबलो तेव्हा तू हसत म्हणालास, पाहुण्याला करवंदं सोसत नाहीत गो, मुंबईचा दिसतोय. मी तुझ्या थोबाडीत मारली. टपरीवाला किटली हातात धरून बघत राहिला. तू गाल चोळलास आणि म्हणालास, चहा निवतोय, पी. त्या मारलेल्याबद्दल मी माफी मागितली नव्हती. अजूनही मागत नाही.

बरं, एवढं सगळं करून प्रत्येक वेळी मुंबईला निघण्याआधी तुला कौल हवाच. देवळाची पायरी तर डॉक्टरांनी तुला बंद केली होती. आत ओल, बुरशी, वटवाघळं, कुजलेली फुलं. फोनवरचा कौल एकदा नडीला चालून गेला, पण एरवी घरचं माणूस पुढ्यात उभं लागतं असं गणूनेच सांगितलं होतं. मग जायचं कुणी? मी. मी म्हणायचे, ‘अहो, देवीने कधी बायॉप्सीचा रिपोर्ट वाचलाय का?’ तू म्हणायचास, ‘तू वाचतेस, ती माणूस वाचते. जा.’

पहिल्यांदा खरंच कौल लावायला गेले होते, देवीशपथ. दुपारची वेळ, गणू कुणाच्या लग्नाला गेलेला, देवळाला कुलूप. सुरंगीच्या झाडाखाली पायरीवर बसले. खाली आपल्या घराची कौलं दिसत होती, खाडी दिसत होती. पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे होते ते खाल्ले. कुणी हाक मारत नव्हतं, काही मोजायचं नव्हतं. अर्ध्या तासाने खाली आले आणि तुला म्हटलं, उजवा. तू हात जोडलेस आणि बॅग भरायला घेतलीस. एवढं सोपं होतं ते. मग मी दर वेळी दुपारचीच जायला लागले. पायरी, सुरंगी, शेंगदाणे, अर्धा तास, उजवा. अडीच वर्षांत जितक्या वेळा मुंबईला गेलो, तितके कौल मी दिले. देवीला फुकटचं श्रेय. तू गेलास, तपासलास, दोनदा पाहुणा रुसायला लागल्याचं वेळेवर सापडलं, औषध वाढवलं आणि तू वाचलास. खोटं बोलल्याचं मला तिळभर वाईट वाटलं नाही. उलट तुला वाटायचं देव तारतोय, आणि मी ओट्याशी उभी राहून मनात म्हणायचे, देव कुठला, क्लार्क तारतेय.

मग हा मे महिना. मुंबईहून येऊन पुरते दहा दिवस झाले नव्हते, रिपोर्ट स्वच्छ होता, डॉक्टरांनी तुझी पाठ थोपटली होती. सोमवारी भांड्यात सोळाशे. मंगळवारी सकाळपर्यंत एकोणीसशे. ताप नव्याण्णवच्या वर. मी आधी घरभर फणसाचा वास शोधला. तू शपथेवर सांगितलंस, काही खाल्लं नाही. तुझ्या शपथांचं काय मोल ते मला करवंदांनी शिकवलं होतं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, लगेच निघा, पोचलात की नळी घालू. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. शाळेत रजा उरली नव्हती, मुख्याध्यापकांनी समजुतीच्या सुरात दोनदा सुनावलं होतं. पाठ दुखत होती. हायवेवरचे ते खड्डे, ते वळसे, तुझी पिशवी गाडीत धरून बसणं, आणि पोचल्यावर निघणार काय, तर काही नाही. मला वाटलं, या वेळी मी नाही ठरवणार. एकदा तरी दुसऱ्या कुणीतरी ठरवावं.

म्हणून सकाळचीच गेले. गणू पूजेत होता. मला बघून दचकला. ‘वयनी, आज तुम्ही?’ म्हणाला. मला वाटलं, कौलाची वेळ नव्हे म्हणून म्हणतोय. त्याने पाकळ्या लावल्या, तुझं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं. मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडून मनापासून विचारलं, नेऊ की नको? डावी पडली. चटकन पडली, फार वाट बघायला लावलं नाही. गणू म्हणाला, पुन्हा लावू का, कधी कधी तीनदा लावतात. मी म्हटलं, ‘नको, पुन्हा नको.’

घरी आले. तू पडवीत खाटेवर टेकून बसला होतास, बॅग भरून शेजारी ठेवलेली. मी म्हटलं, डावा. तू माझ्याकडे बघत राहिलास. एवढा वेळ तू माझ्याकडे कधी बघितलं नव्हतंस.

‘डावा?’

‘डावा.’

‘दमलीस ना गो?’

‘हो. दमले.’

‘बरं,’ म्हणालास. आणि बॅगेतला टॉवेल काढून दोरीवर टाकलास.

पुढचे दोन दिवस तू इतका शहाण्यासारखा वागलास की मला संशय यायला हवा होता. पाणी मुकाट्याने प्यायलास. दुपारी मला मागच्या पंपाशी घेऊन गेलास आणि तो कसा सुरू करायचा, हवा धरली तर कुठला नट सैल करायचा, ते शिकवलंस. बावीस वर्षांत त्या पंपाला मला हात लावू दिला नव्हतास. मी म्हटलं, अहो, अंगात ताप आहे, आत्ताच कशाला हे? तू म्हणालास, पावसाआधी आलं पाहिजे तुला. मग एक गरा मागितलास, फणसाचा, एकच. मी ओरडले. तू म्हणालास राहू दे. आणि जेवण झाल्यावर म्हणालास, ‘आज माप घेऊ नको. झोप जरा.’ आणि मी झोपले, दत्ताराम. दुपारी दोन ते साडेपाच, पंखा लावून. अडीच वर्षांत झोपले नव्हते तशी झोपले. मॅडमचा फोन येऊन गेला होता. उठल्यावर मी त्यांना सांगितलं, निघतोय. खोटं बोलायची जीभ तयारच होती माझी.

गुरुवारी सकाळी पिशवी बदलताना बघितलं, पाहुण्याचं तोंड जांभळं पडलेलं. ताप एकशे तीन, अंग थरथरतंय. भांडं मोजायची गरजच नव्हती. अॅम्ब्युलन्स बोलावली. तू माझा हात धरला होतास. हातखंब्याला गाडी हायवेवर वळली, त्या चहाच्या टपरीवरून पुढे गेली, आणि बरोबरच्या पोराने तुझी नाडी धरली ती सोडलीच नाही. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि मागे वळून न बघता विचारलं, ताई, आता कुठे? मुंबईकडे तोंड करून उभी असलेली गाडी होती ती. परत फिरवा म्हणायला मला किती वेळ लागला कोण जाणे.

मॅडमना मीच कळवलं. त्या म्हणाल्या, मंगळवारी निघाला असतात तर कदाचित. वाक्य पुरं केलं नाही त्यांनी. चांगल्या घरची बाई आहे.

इतके दिवस मी एकाच गोष्टीवर तग धरून होते. मी खोटं बोलत होते तोवर तू जगलास, आणि खरं बोलले तेव्हा मेलास. म्हणजे दोष देवीचा. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, तर देवाने मारलं त्याला क्लार्क कुठून तारणार? तिच्यावर डाफरत, भांडी आपटत बारा दिवस काढले. तेरावंही काढलं. पंगत उठली, वन्सं गेल्या, आणि गणू तेवढा पडवीच्या पायरीवर बसून राहिला. मी म्हटलं, कढी देऊ का अजून? तो नको म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, ‘वयनी, एक सांगायचं व्हतं. दत्ताला ठाव व्हतं.’

मी विचारलं, काय?

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेलाच तू त्याला फोन करून विचारलं होतंस म्हणे, आज कुठली फुलं लावलीस? सहज, गप्पांत. गणूला दोस्ताशी खोटं बोलवेना. वहिनी आल्याच नव्हत्या म्हणाला, कधीच येत नाहीत, दुपारी नुसत्या पायरीवर बसून जातात. तू खूप हसलास. मग गणूला बजावलंस, ‘तिला कळू देऊ नको. तेवढीच बसते जरा. आणि ती सांगते तोच माझा कौल.’

गणू डोळे पुसत उठून गेला. मी त्याला थांबवून विचारणार होते की मग त्या मंगळवारचं? मंगळवारी मी खरंच आले होते, हे त्याने तुला सांगितलं का? विचारायची गरज नव्हती. फोन तर त्या दोन दिवसांत तू कुणालाच केला नाहीस. नट सैल करायला शिकवत होतास मला.

म्हणजे मी डावा म्हटलं तेव्हा तुला वाटलं, हा माझाच. नेहमीसारखा माझाच. बायको म्हणतेय, पुरे झालं. आणि तू बरं म्हणालास! अरे मेल्या, भांडायचं होतंस. तांब्या भिरकावता येत होता, जेलर म्हणता येत होतं, मग एवढं एक विचारता येत नव्हतं, कोणाचा गो कौल, तुझा की तिचा? उकळलेल्या पाण्यावरून घर डोक्यावर घेणारा माणूस तू, मरणावरून एक शब्द बोलला नाहीस. माझ्यावर एवढा उपकार करायला कुणी सांगितलं होतं तुला? आता मी तो फेडू कुठे? बावीस वर्षं संसार करून तू मला ओळखलंस ते असं?

तर ऐक. तो कौल खरा होता. तेवढा एकच. गणू साक्षीला आहे, पाकळी डावीच पडली, मी काही केलं नाही. हे तुला सांगावं म्हणून काल दुपारी देवळापर्यंत गेले, पायरीवर बसले, शेंगदाणेही नेले होते. सांगता सांगता आठवलं की पाकळी पडली तेव्हा मला काय झालं होतं. बरं वाटलं होतं, दत्ताराम. डोक्यावरचा हंडा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं. गणू पुन्हा लावू का म्हणत होता आणि मी नको म्हटलं, कारण दुसऱ्यांदा उजवी पडली असती तर बॅग उचलावी लागली असती.

पाकळी देवीची होती. ‘पुन्हा नको’ माझं होतं. आणि घरी येऊन मी तुला एकच शब्द सांगितला, तो ऐकून कुठला व्हॉल्व्ह गेलाय ते तुला बरोबर कळलं.